पाचवीचा उंबरठा

१ मे रोजी ध्वजवंदन आटोपले की प्राथमिक शाळांच्या पटांगणात निकालपत्रके वाटली जातात. पहिली-दुसरीची मुले निकाल हाती पडताच सुट्टीच्या ओढीने घराकडे धावतात. चौथीची मुले मात्र थोडी रेंगाळतात. ज्या बाईंनी अक्षर गिरवून घेतले, पडल्यावर गुडघ्याला हळद लावली, घरचे सारे जण ज्यांना नावाने ओळखतात, त्या बाईंच्या वर्गात जूनमध्ये बसायचे नाही, हे त्यांना उमगलेले असते. थोड्याच दिवसांत शाळा सोडल्याचा दाखला घरी येतो आणि सांगली-कोल्हापूरकडच्या शेकडो घरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘आता हायस्कूलला जाणार!’

त्यानंतर घरात मोठी धांदल उडते. गणवेशाचे माप दिले जाते, वह्यांचे गठ्ठे येतात, मोठ्या भावाची सायकल दुरुस्तीला जाते, आजोबा नवे कंपासपेटीचे खोके आणतात. यांतले काहीच अनावश्यक नाही. परंतु या खरेदीच्या यादीत एक गोष्ट क्वचितच असते, ती म्हणजे त्या मुलाशी निवांत बसून केलेले बोलणे. पुढच्या वर्षभरात त्याच्या पायाखालून किती गोष्टी एकदम सरकणार आहेत, याची कल्पना मोठ्यांना असते. ज्याच्या पायाखालून त्या सरकणार, त्यालाच ती नसते.

एका बाईंऐवजी सात शिक्षक

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा मानला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवी हाच मधला टप्पा आहे. महाराष्ट्रातील जुनी घडी मात्र निराळी आहे. येथे बहुतेक माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात. त्यामुळे अनेक मुलांचा हा उंबरठा कागदोपत्री सहावीचा असला, तरी प्रत्यक्षात पाचवीचाच ठरतो. ज्यांची शाळा पाचवीत बदलत नाही, त्यांच्यापुढे तो एका वर्षाने येतो, इतकेच.

बदल पहिल्याच दिवशी जाणवतो. चौथीपर्यंत एकच बाई मराठी शिकवत, गणितही घेत आणि डबा संपला की नाही हेही पाहत. आता तासागणिक शिक्षक बदलतात. प्रत्येकाची वही वेगळी, शिस्त वेगळी, रागावण्याची तऱ्हाही वेगळी. पाचवीत मराठी माध्यमाच्या मुलांना हिंदीचे पाठ्यपुस्तक मिळते. सहावीत ‘परिसर अभ्यास’ मागे पडून विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल हे विषय स्वतंत्रपणे समोर येतात. कायद्यानेच अध्यापनाचा काळ वाढतो. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावीपासून २२० दिवस आणि १,००० तास. राज्याच्या २०२३ च्या नियमांनुसार पाचवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा असते. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास पुरवणी परीक्षेची संधी मिळते, पण तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागते. त्यातच पुष्कळ घरांत नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास पाचवीच्या आरंभापासून मुलाच्या डोक्यावर ठेवला जातो.

मुलाच्या मनात मात्र या आकड्यांना फारसे स्थान नसते. त्याचे प्रश्न वेगळे असतात. कोणत्या बाकावर बसायचे? वर्ग चुकला तर कोणाला विचारायचे? चौथीत सर्वांत मोठे असलेले मूल आता साऱ्या शाळेत सर्वांत लहान असते. दहावीची मुले त्याला धिप्पाड माणसांसारखी दिसतात. प्रसाधनगृहात एकट्याने जायचे कसे, हा प्रश्न तर ते आईलाही विचारत नाही. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या शंकांत त्याची निम्मी शक्ती खर्च होत असते. म्हणून तयारीचा आरंभ अभ्यासापासून न करता या शंकांपासून करावा. सुट्टीत एखाद्या दिवशी त्या शाळेपर्यंत मुलाबरोबर चालत किंवा सायकलने जाऊन यावे. फाटक, वर्ग, पाण्याची टाकी, मुख्याध्यापकांची खोली दाखवावी. त्याच शाळेत सहावी-सातवीत असलेल्या, ओळखीतल्या एखाद्या ताईशी किंवा दादाशी गाठ घालून द्यावी. पहिल्या दिवशी हजार अनोळखी चेहऱ्यांत एक ओळखीचा चेहरा असला, तरी मुलाचा जीव थाऱ्यावर राहतो.

शाळेची घंटा आणि चातुर्मास

जैन घरातील मुलापुढे याखेरीज आणखी एक प्रश्न असतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. त्यानंतर महिना-दीड महिन्यात आषाढ शुक्लपक्ष संपत येतो आणि चातुर्मास सुरू होतो. घटक चाचणीच्या आगेमागे पर्युषण किंवा दशलक्षण पर्व येते. सहामाही परीक्षा आणि दिवाळी संपते तेव्हा चातुर्मासही संपत आलेला असतो. म्हणजेच मूल घराबाहेरच्या जगात पहिली पावले टाकत असते, नेमके त्याच चार महिन्यांत घरातील आहारविहाराचे नियम सर्वांत कडक असतात.

आजवर हे नियम आईच सांभाळत होती. शाळा गल्लीच्या टोकाला होती, बाईंना सारे ठाऊक होते, संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी ताटात येत होते. मुलाने नियम पाळले असे म्हणण्यापेक्षा ते त्याच्याकडून आपोआप पाळले गेले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. आता मधल्या सुट्टीत चाळीस डबे एकदम उघडतात. मैत्रीण आपल्या डब्यातील बटाट्याच्या भाजीचा घास पुढे करते. नाकारावा, तर ती रुसेल. घ्यावा, तर घरी काय सांगायचे?

दहा वर्षांच्या मुलापुढे अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. एक, शाळेत खोटे बोलणे, म्हणजे ‘माझे पोट दुखते’, ‘मला ती भाजी आवडतच नाही’ असे काहीतरी सांगणे. दुसरी, घास खाऊन घरी खोटे बोलणे. पहिल्या खोट्यात संकोच असतो आणि योग्य शब्द दिले तर तो दूर होतो. दुसरे खोटे अधिक काळजीचे आहे. आज घासाविषयी लपवणारे मूल उद्या फाटलेल्या वहीविषयी लपवते. परवा दांडगट मुलाने हिसकावलेल्या पैशांविषयी लपवते. एखाद्या मोठ्या माणसाचा स्पर्श नकोसा वाटला, हेही मग ते लपवते. ‘घरी खरे सांगितले तर आपलेच चुकले असे ठरते’ हा धडा मुलाच्या मनावर एकदा कोरला गेला की तो पुसणे फार कठीण जाते. भाजीचा एक घास पोटात गेल्याने जेवढी हानी होत नसेल, तेवढी हानी त्या घासावरून झालेल्या आरडाओरडीने होते.

म्हणूनच पाचवीला जाणाऱ्या मुलाच्या घरी पहिला निर्णय मोठ्यांनी स्वतःपुरता घ्यावयाचा असतो. मुलाने येऊन खरे सांगितले तर त्या दिवशी शिक्षा होणार नाही, हा तो निर्णय. तो मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावा आणि आजी-आजोबांसह घरातील सर्वांनी तो पाळावा. आई समजून घेते, पण आजी महिनाभर टोमणे मारते, असे झाले तर मूल दोघींनाही काही सांगत नाही.

नियम मुलाचा व्हावा

याचा अर्थ आचार सैल सोडावा असा नाही. उलट, तो पेलण्याची शक्ती मुलात यावी यासाठी शास्त्रकारांनी करून ठेवलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. श्रावकाचाराच्या ग्रंथांत त्यागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. यावज्जीव घेतला जातो तो यम आणि ठरावीक मुदतीपुरता घेतला जातो तो नियम. परंपरेने आठ वर्षांनंतर बालकास व्रत समजून घेण्यास पात्र मानले आहे. तथापि, पात्र मानणे आणि सारे व्रत एकदम खांद्यावर देणे, यांत अंतर आहे. मुलाला मुदतीचा नियम द्यावा, तो त्याच्याशी बोलून ठरवावा आणि मुदत संपल्यावर पुन्हा विचार करावा.

रात्रिभोजनत्यागाचेच उदाहरण घ्यावे. ज्येष्ठात कोल्हापूरकडे सूर्य मावळतो तेव्हा सात वाजून गेलेले असतात. पाचला सुटलेले मूल घरी येऊन, हातपाय धुऊन, निवांत जेवू शकते. मार्गशीर्षात मात्र सहाच्या सुमारासच दिवस मावळतो. शेजारच्या गावच्या हायस्कुलातून एस.टी.ने येणारे मूल घरी पोहोचते तेव्हा दिवे लागलेले असतात. सकाळी नऊला जेवून गेलेल्या, दुपारी एकच डबा खाल्लेल्या त्या मुलाने उपाशी झोपावे की नियम मोडावा? हा प्रश्न हिवाळ्यात दारात उभा राहण्यापूर्वी जूनमध्येच सोडवावा. एखाद्या घरात मुलाबरोबर दोन डबे देता येतील, एक मधल्या सुट्टीसाठी आणि दुसरा शाळा सुटताच खाण्यासाठी. भाकरी, उसळ, लाडू असे पोटभर काही. एखाद्या घरात असे ठरेल की हिवाळ्यापुरता नियम फक्त अष्टमी-चतुर्दशीला आणि रविवारी. तिसऱ्या घरात दूध-फळांपुरती मोकळीक राहील. कोणता मार्ग धरावा हे त्या घराच्या परंपरेवर, गुरूंच्या सल्ल्यावर आणि मुलाच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. महत्त्वाचे एवढेच की तो उघडपणे ठरलेला असावा आणि मुलाने स्वतःच्या तोंडाने ‘मी हे करीन’ असे म्हटलेले असावे. दोनच दिवसांचा, पण स्वतःचा म्हणून पाळलेला नियम मुलाला पुढच्या नियमाकडे नेतो.

घराघरांतील आचारातही फरक असतोच. एका घरात कांदा-लसूण बारा महिने वर्ज्य, दुसऱ्या घरात तो चातुर्मासापुरता, तिसऱ्या घरात फक्त पर्वकाळी. एकाच वर्गात ही तीनही घरची मुले असतात आणि ‘ती पण जैनच आहे, मग ती कशी खाते?’ हा प्रश्न आज ना उद्या येतो. ‘तिच्या घरी तसा नियम आहे, आपल्या घरी असा आहे’ इतके साधे उत्तर मुलाला पुरते. त्यात दुसऱ्या घराची निंदा मिसळली, तर तीही तितक्याच सहजपणे वर्गात पोहोचते.

घास नाकारण्याचे शब्दही घरी म्हणून पाहावेत. ‘आम्ही जमिनीखालचे कंद खात नाही, पण तू जेव. माझ्या डब्यातला लाडू घे.’ एवढे एक-दोनदा हसतखेळत म्हणून पाहिलेले मूल प्रसंगी गोंधळत नाही. खोट्या पोटदुखीची गरज उरत नाही आणि मैत्रीही तुटत नाही.

दुसऱ्याचा डबा

येथे एका गोष्टीचा स्वतंत्र विचार व्हायला हवा. अहिंसेचा पहिला पाठ म्हणून मुलाला काय खाऊ नये हे शिकवले जाते. शेजारच्या मुलाच्या डब्यात अंडे किंवा मासा निघाला की ते नाक मुरडते, ‘शी!’ म्हणते, बाक बदलून मागते. ज्याच्या आईने पहाटे उठून तो डबा भरला, त्या मुलाच्या कानांवर तो शब्द पडतो आणि त्याचे अन्न त्याच्या घशात अडकते. ज्या घरात मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपले जाते, त्या घरातील मुलाने वर्गमित्राच्या मनाला असा चटका द्यावा, हे विसंगत आहे. हिंसा मन, वचन आणि काया या तिन्ही मार्गांनी होते, हे पाठशाळेत म्हटले जाते. त्यातील वचनाचा भाग पाचवीच्या वर्गात कसाला लागतो.

या समाजाच्या इतिहासातच याचा एक बोलका प्रसंग आहे. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कुलात ते शिकत आणि जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, तेथून परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकच्या आतच थांबले. पुढे १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवू लागली. आज दक्षिण महाराष्ट्रातील असंख्य मुलांचे हायस्कूल हे कर्मवीरांच्याच संस्थेचे आहे. ज्या फाटकातून मूल जूनमध्ये आत जाणार, ते फाटक कोणासाठी आणि कशासाठी उघडले गेले, ही गोष्ट घरी एकदा सांगावी. आपला डबा आपल्या नियमाने आणि पंक्त सर्वांची, हे दोन्ही एकत्र राहू शकते, हे त्या गोष्टीतून मुलाला न सांगता कळते.

न बोलली जाणारी तयारी

दहा-अकराव्या वर्षी काही मुलींच्या शरीरात बदल सुरू झालेले असतात. पहिली पाळी शाळेत, गणिताच्या तासाला, कोणतीही कल्पना नसताना आली, तर ती मुलगी जन्मभर तो दिवस विसरत नाही. म्हणून आईने किंवा मोठ्या बहिणीने हायस्कुलात जाण्यापूर्वीच तिला ही गोष्ट समजावून सांगावी, दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड ठेवावे, कोणत्या शिक्षिकेकडे जायचे हे ठरवून द्यावे. जैन घरांत त्या दिवसांत मंदिर आणि स्वयंपाकघर यांविषयी मर्यादा पाळल्या जातात. त्या ज्या घरात आहेत, तेथे मुलीला त्यांचा आधी परिचय करून द्यावा आणि तिच्याकडून काही अपराध किंवा पाप घडलेले नाही, हे अगदी उघड शब्दांत सांगावे. न सांगता लादलेली मर्यादा मुलीला शिक्षेसारखी वाटते.

पाण्याचा प्रश्नही असाच. अनेक घरांतून उकळलेले किंवा गाळलेले पाणी बाटलीत दिले जाते. संध्याकाळी ती बाटली निम्मी भरलेली परत येते. शाळेचे प्रसाधनगृह अस्वच्छ असेल, तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि पुढे मूत्रमार्गाचा त्रास सुरू होतो. बाटली भरलेली परत आली तर रागावण्याआधी कारण विचारावे आणि पालकसभेत गुणांविषयी बोलण्यापूर्वी प्रसाधनगृहाविषयी बोलावे. मुलग्यांशीही बोलणे आवश्यक आहे. आवाज, उंची, शरीर बदलणार, मोठी मुले काही अर्धवट सांगणार. ते ऐकण्याआधी वडिलांनी किंवा काकांनी दोन नेमके शब्द सांगितलेले बरे.

रोजची घडी

वस्तू आणि वेळ यांची तयारी मे महिन्यातच जमते. मुलींना पाचवीपासून शाळेच्या प्रवासासाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. मुलांना सवलतीच्या दराने मिळतो. त्यासाठी शाळेचा दाखला लागतो, तो पहिल्याच आठवड्यात मागावा. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असे केंद्राच्या २०२० च्या दप्तरधोरणात म्हटले आहे. तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर तीन किलोंहून अधिक ओझे नको. म्हणून वेळापत्रक पाहून दप्तर भरण्याची सवय आदल्या रात्री लावावी. पहिला पंधरवडा आईने जवळ बसावे, नंतर मुलाने एकट्याने भरावे, एखादी वही राहिली तर राहू द्यावी. विसरलेल्या वहीमुळे एकदा उभे राहावे लागले, की पुढच्या वेळी वही विसरत नाही. रोज आईने भरलेले दप्तर मुलाला काहीच शिकवत नाही.

याच धोरणाने पाचवीपर्यंत आठवड्याला दोन तास आणि सहावीपासून दिवसाला फार तर एक तास एवढाच गृहपाठ योग्य मानला आहे. पुष्कळ घरांत शिकवणीसह मूल रात्री नऊपर्यंत वहीसमोर असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते. ती तोडून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या घेतो. सामायिकाचा काळ दोन घटकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा असतो. मुलासाठी त्यातील एक घटका, २४ मिनिटे, घ्यावी. तेवढा वेळ घरातील दूरचित्रवाणी बंद, सर्वांचे मोबाइल दूर, मूल अभ्यासाला आणि मोठे स्वाध्यायाला. मग थोडी विश्रांती आणि हवी तर आणखी एक घटका. मुलाने मोबाइल ठेवावा आणि वडिलांनी तो चाळत बसावे, अशा घरात हा प्रयोग चार दिवसही टिकत नाही.

संध्याकाळचे प्रतिक्रमण

शाळेतून आलेल्या मुलाला दारातच ‘किती गुण पडले?’ असे विचारले जाते. उत्तर एका शब्दात येते आणि संभाषण संपते. त्याऐवजी खाणे झाल्यावर, थोड्या वेळाने, ‘आज कोणाबरोबर डबा खाल्लास?’, ‘आज कोणाला रडू आले का?’, ‘आज तुला कशाची भीती वाटली?’ असे विचारून पाहावे. पहिल्या दिवशी ‘काही नाही’ हेच उत्तर येईल. मोठ्यांनी आधी स्वतःचा दिवस सांगितला, त्यात स्वतःची एखादी चूकही सांगितली, तर चौथ्या-पाचव्या दिवशी मूल बोलू लागते. दिवसभरात काय घडले, कोठे चुकले, कोणाचे मन दुखावले, याचा शांतपणे आढावा घेणे हेच तर प्रतिक्रमणाचे सार आहे. पाठ म्हणता येवो वा न येवो, दहा मिनिटांचा हा आढावा प्रत्येक घरात होऊ शकतो.

या बोलण्यातूनच ते संकेत हाती येतात ज्यांची पालकांना खरी गरज असते. सोमवारी सकाळी नेमाने पोट दुखणे, डबा तसाच परत येणे, वस्तू वारंवार हरवणे, एका विशिष्ट तासाचे नाव काढताच गप्प होणे, यांपैकी काही दिसले तर मुलाला दटावण्याऐवजी वर्गशिक्षकांना भेटावे. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. लहान मुलांसाठी असलेला १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक मुलालाही तोंडपाठ असावा. तो पाठ असल्याने मूल घाबरत नाही. आपले ऐकणारे कोणीतरी आहे, हे त्याला समजते.

तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे जे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिला आहे आलोचना, म्हणजे गुरूंसमोर जाऊन आपला दोष जसाच्या तसा सांगणे. तप आणि अन्य प्रायश्चित्ते त्यानंतर येतात. ही आलोचना कशी करावी हे समजावताना प्राचीन आचार्यांनी उपमा दिली आहे ती बालकाची. बरेवाईट जे असेल ते बालक जसे सरळपणे सांगून टाकते, तसे साधूने गुरूंना सांगावे, असे ते म्हणतात. ज्या सरळपणासाठी साधूंना साधना करावी लागते, तो दहा वर्षांच्या मुलाजवळ जन्मजात असतो. तो त्याच्याजवळ राहू द्यायचा की भीतीने काढून घ्यायचा, हे पाचवीच्या वर्षात घरात ठरते.

भाद्रपदात क्षमावाणीचा दिवस येतो. मुले मोठ्यांच्या पाया पडून क्षमा मागतात. मोठेही परस्परांना हात जोडतात; मुलापुढे हात जोडण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. तोवर हायस्कूल सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. एखादे दिवशी न ऐकता रागावलेले असते, कमी गुणांवरून दुसऱ्याच्या मुलाशी तुलना केलेली असते, खरे बोललेल्या मुलावरही हात उगारला गेलेला असतो. त्या दिवशी आईवडिलांनी मुलाला जवळ बोलावून ‘आमचेही चुकले असेल, क्षमा कर’ एवढे म्हटले, तर उरलेल्या वर्षात ते मूल शाळेतून आल्यावर दप्तर ठेवण्यापूर्वीच बोलू लागेल.